दार कुणी ठोठावलं? 'द हॉन्टिंग' (१९९९) या रूपांतराचा प्रकरण अभ्यास

जुलै १९९९मध्ये ड्रीमवर्क्स या स्टुडिओने 'द हॉन्टिंग' हा भयपट अमेरिकेत प्रदर्शित केला. खर्च सुमारे ८ कोटी डॉलर. दिग्दर्शक यान द बाँट. 'स्पीड' (१९९४) आणि 'ट्विस्टर' (१९९६) हे दोन दणदणीत चाललेले चित्रपट त्यांच्या नावावर होते. लियम नीसन, कॅथरीन झीटा-जोन्स, ओवेन विल्सन आणि लिली टेलर असा नटसंच. आधाराला शर्ली जॅक्सन यांची 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' ही १९५९ची कादंबरी, म्हणजे विसाव्या शतकातल्या भयसाहित्यातलं पहिल्या पंक्तीतलं नाव. पहिल्याच शनिवार-रविवारी चित्रपटाने ३ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गल्ला केला आणि तिकीटबारीवर पहिला क्रमांक पटकावला. तरीही त्या वर्षीच्या वाईट चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या गोल्डन रास्पबेरी पुरस्कारांच्या यादीत त्याला पाच नामांकनं मिळाली. सर्वांत वाईट चित्रपट, दिग्दर्शन आणि पटकथा ही तीन त्यांतलीच.

पैसा, माणसं, मूळ साहित्य यांपैकी कशाचीही वानवा नसताना एखादं रूपांतर फसतं, तेव्हा त्याची कारणं हलगर्जीपणात शोधून उपयोग नसतो. ती विचारपूर्वक घेतलेल्या निर्णयांत असतात. हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यासाठी. कादंबरीने शेवटपर्यंत उघडा ठेवलेला एक प्रश्न चित्रपटाने पटकथेच्या पातळीवरच बंद करून टाकला, आणि पुढची बहुतेक पडझड त्यातून झाली, असं माझं मत आहे. विवेचनात कादंबरीचा आणि चित्रपटाचा शेवट येणार आहे, पुढच्या एका मालिकेतलं रहस्यही. ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी.

पार्श्वभूमी

कादंबरीतली एलिनॉर व्हान्स ३२ वर्षांची आहे. त्यातली ११ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईची उस्तवार करण्यात गेली. आई वारल्यावर ती बहीण-मेहुण्याच्या घरी आश्रितासारखी राहते आहे. गाडी घेताना निम्मे पैसे तिने दिले आहेत, पण गाडी न्यायची तर बहीण परवानगी देत नाही. अशात डॉ. माँटेग्यू नावाच्या एका अभ्यासकाचं पत्र येतं. हिल हाउस नावाचा बदनाम वाडा त्याने उन्हाळ्यासाठी भाड्याने घेतला आहे आणि अतींद्रिय अनुभवांशी पूर्वी संबंध आलेली माणसं तो गोळा करतो आहे. एलिनॉर लहान असताना वडिलांच्या मृत्यूनंतर तिच्या घरावर काही दिवस दगड पडत होते, म्हणून यादीत तिचं नाव. एलिनॉर गाडी न विचारता घेते आणि निघते. आयुष्यात प्रथमच तिला कुणीतरी नाव घेऊन बोलावलेलं असतं.

वाडा बांधणाऱ्या ह्यू क्रेनने त्यातला एकही कोन नीट काटकोनात ठेवलेला नाही. दारं आपोआप लोटली जातात, दिशा चुकतात, आणि डॉक्टरकडे त्याचं स्पष्टीकरणही असतं. रात्री मात्र बाहेरच्या मार्गिकेत कुणीतरी दारं ठोठावत येतं. पहिल्यांदा ठोठावलं जातं तेव्हा एलिनॉर झोपेतच 'आले, आई, आले' म्हणत दिव्यासाठी चाचपडते. पुढे तीच सांगते, की आई गेली त्या रात्रीही आई भिंत ठोकत होती, औषधासाठी हाका मारत होती, आणि आपल्याला जाग आली नाही. की जाग आली होती आणि आपण पुन्हा झोपलो? हे तिचं तिलाच ठरवता येत नाही. त्या ठोठावण्याची खरी दहशत इथे आहे. दारापलीकडे भूत असेल, एलिनॉरचं अपराधी मन असेल, किंवा लहानपणी दगड पाडणारी तिच्यातलीच कुठलीशी शक्ती असेल. एलिनॉरने घरी यावं असं सांगणारी अक्षरं भिंतीवर उमटतात, तेव्हा ती तिनेच लिहिली असतील असा संशय बाकीच्यांना येतो, आणि वाचक तो झटकून टाकू शकत नाही. जॅक्सन या सगळ्या शक्यता अखेरपर्यंत जिवंत ठेवतात.

शेवटी डॉक्टर तिला परत पाठवायचं ठरवतो. तिला परत जायला जागाच नाही, हे कुणी लक्षात घेत नाही. ती गाडी सुरू करते आणि झाडावर नेऊन आदळते. आदळण्याच्या आधीच्या क्षणी तिला भान येतं: मी हे का करते आहे? मला कुणी अडवत का नाही?

रॉबर्ट वाइज यांनी १९६३मध्ये याच कादंबरीवर काढलेला चित्रपट इंग्लंडमध्ये चित्रित झाला, साधारण १० लाख डॉलरच्या आतबाहेर. 'वेस्ट साइड स्टोरी' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' या दोन भव्य रंगीत संगीतिकांच्या मध्ये त्यांनी हा कृष्णधवल चित्रपट केला. तरुणपणी ते व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हाताखाली घडले होते. कमी पैशांत, अंधार आणि आवाज यांवर भीती उभी करणारी ती शाळा. वाइज यांच्या चित्रपटात भूत एकदाही दिसत नाही. सर्वांत गाजलेल्या प्रसंगात एक भक्कम लाकडी दार आतल्या बाजूला फुगतं, श्वास घेतल्यासारखं. त्यासाठी पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं दार केलं होतं आणि पलीकडून एक माणूस ते वाशाने रेटत होता. प्रदर्शनाच्या वेळी मिळालेलं यश बेताचंच होतं, पण पुढच्या दशकांत हा चित्रपट भयपटांचा मानदंड ठरला.

नव्वदच्या दशकात स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी झपाटलेल्या घराच्या चित्रपटासाठी लेखक स्टीव्हन किंग यांच्याशी बोलणी केली. दोघांचं जमलं नाही. किंग यांनी आपली कल्पना पुढे 'रोझ रेड' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी वापरली आणि स्पीलबर्ग यांच्या ड्रीमवर्क्सने डेव्हिड सेल्फ यांच्या पटकथेवर जॅक्सन यांची कादंबरी करायला घेतली.

अडचण

जे दिसत नाही, जे कदाचित नाहीच, ते पडद्यावर दाखवायचं कसं, ही मूळ अडचण. कादंबरीला एलिनॉरच्या डोक्यात शिरता येतं. एकाच वाक्यात ती कल्पना करते, खोटं बोलते आणि घाबरते, आणि वाचकाला त्यातलं काय खरं हे कळत नाही. कॅमेऱ्यासमोर आलेली वस्तू मात्र प्रेक्षक खरी धरतो. दार फुगलं तर ते फुगलंच. वाइज यांनी यावर काढलेला तोडगा असा, की एलिनॉरचं स्वगत आवाजातून ऐकवायचं, दृश्यं तिच्या नजरेच्या जवळ ठेवायची आणि कारण कधीही दाखवायचं नाही.

१९९८-९९च्या निर्मात्यांसमोर आणखी एक अडचण होती, आणि ती न्यायाने मांडायला हवी. आठ कोटींचा, ऐन उन्हाळ्यात लागणारा, १३ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या सल्ल्याने पाहता येईल अशा प्रमाणपत्राचा चित्रपट त्यांना काढायचा होता. संगणकावर काहीही घडवता येतं हे सहा वर्षांपूर्वी 'ज्युरासिक पार्क'मधल्या डायनोसॉरनी सिद्ध केलं होतं. दिग्दर्शकाची ख्याती वेगाची आणि दृश्यांच्या भव्यतेची. एवढा पैसा ओतून प्रेक्षकाला काहीच दाखवायचं नाही, हे सांगायला बैठकीत कुणीतरी उभं राहणं अवघडच होतं. खर्चाचा आकडा आणि कथेचा स्वभाव यांच्यातला हा विरोध पहिल्या दिवसापासूनचा आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, वाइज यांच्या वाटेने जाण्याचा: छोटा खर्च, काही न दाखवणं, रंगीत छायाचित्रणात तीच शिस्त. धोका उघड होता. तुलना अटळ, आणि मूळ चित्रपट असताना हा कशाला, या प्रश्नाला उत्तर नाही.

दुसरा पर्याय, संशय कायम ठेवून चौकट बदलण्याचा. हा पटकथेत बीजरूपाने खरोखरच आहे आणि मला तो सर्वांत हुशार वाटतो. चित्रपटातला डॉ. मॅरो भुतांचा अभ्यासक नाही. त्याला माणसं घाबरतात कशी याचा अभ्यास करायचा आहे. निद्रानाशावर प्रयोग आहे असं खोटं सांगून तो झोप न येणारी माणसं वाड्यात आणतो, त्यांना वाड्याची भीतिदायक गोष्ट सांगतो आणि काय होतं ते पाहतो. म्हणजे कादंबरीतल्या तीन शक्यतांत चौथी मिळाली: दार डॉक्टरनेच ठोठावलं असेल.

तिसरा पर्याय, भुताला चेहरा, चरित्र आणि हेतू देण्याचा. त्यात संगणकीय दृश्यांना वाव होता, जाहिरातीत दाखवायला काही होतं, आणि प्रेक्षक घरी जाताना काय झालं ते सांगू शकणार होता.

चित्रपटाने दुसऱ्या पर्यायाने सुरुवात केली आणि अर्ध्या वाटेवर तिसरा धरला. एकाच पटकथेत दोन वेगवेगळे चित्रपट आहेत, आणि दुसऱ्याने पहिल्याला गिळलं आहे.

घेतलेले निर्णय

डॉक्टरच्या खोट्या प्रयोगापासून सुरुवात करू, कारण तिथे चित्रपट अजून वाचू शकला असता. पहिल्या वीसेक मिनिटांत पाया उत्तम पडतो. लिली टेलर ही छोट्या, स्वतंत्र चित्रपटांतून नावारूपाला आलेली अभिनेत्री. तिची एलिनॉर थकलेली, वाजवीपेक्षा जास्त आनंदी, कुणी दोन शब्द बरे बोललं की उजळणारी आहे. ही निवड अगदी बरोबर होती. मग वाड्यात पहिल्याच संध्याकाळी एका जुन्या वाद्याची तार तुटून डॉक्टरच्या सहायिकेच्या चेहऱ्यावर बसते. ती आणि दुसरा सहायक निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर प्रयोगाची चौकटही जवळजवळ निघून जाते. डॉक्टर नोंदी करत राहतो, पण त्याने काही रचलं असेल असा संशय प्रेक्षकाच्या मनात टिकत नाही, कारण थोड्याच वेळात डॉक्टरच्या आवाक्याबाहेरचं सगळं उघड दिसायला लागतं. पडद्यांत आणि चादरीत मुलांचे चेहरे उमटतात. लाकडात कोरलेली बालकं तोंडं हलवतात. डॉक्टर घडवू शकणार नाही आणि एलिनॉर कल्पू शकणार नाही असं काही आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं, की दोन्ही शक्यता मेल्या.

सर्वांत मोठा निर्णय ह्यू क्रेनचा. कादंबरीत क्रेन कडक, धर्मवेडा, विचित्र बाप आहे. मुलीसाठी त्याने तयार केलेलं भयंकर उपदेशाचं पुस्तक वाचताना अंगावर काटा येतो. पण तो खुनी आहे असं जॅक्सन कुठे म्हणत नाहीत. वाड्याचा वाईटपणा कुठून आला, याला त्या नावगाव देत नाहीत. चित्रपटात क्रेन कापड गिरण्यांचा मालक होतो, गिरणीत राबणारी मुलं वाड्यात आणून मारतो, आणि त्या मुलांचे आत्मे अजून तिथे अडकलेले आहेत. कादंबरीत वाडा स्वतःच वेडा होता. चित्रपटात तो गुन्ह्याची जागा झाला. गुन्हा म्हटला की पुरावा येतो, आणि एलिनॉर तो शोधत फिरते: जुन्या वह्यांत मुलांची नावं, राखेत हाडं. कथेचा मधला मोठा भाग या तपासात जातो. तपास करणारी व्यक्ती घाबरलेली असली तरी असहाय नसते, तिच्या हाती काम असतं. एलिनॉरच्या हाती काहीही नसणं हाच तर कादंबरीचा गाभा होता.

बालमजुरीचा विषय लहान नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या गिरण्यांत मुलं खरोखर मेली, आणि त्यांच्यावर गंभीर भयकथा लिहिता येईल. इथे मात्र ती मुलं खलनायकाचा दुष्टपणा मोजण्यापुरती येतात. एकालाही स्वभाव नाही, आवाजाचा पोत नाही. एलिनॉरच्या एकटेपणाची जागा घेऊनही त्यांच्या वाट्याला न्याय आला नाही, याचं मला चित्रपटातल्या कुठल्याही फसलेल्या दृश्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

त्याच्या पाठोपाठ नात्याचा निर्णय. एलिनॉर क्रेनच्या दुसऱ्या बायकोची वंशज निघते. तिला वाड्यात आणणारा फोनही त्या आत्म्यांचाच, असं सुचवलं जातं. पटकथालेखकाच्या बाजूने पाहिलं तर हे व्यवस्थित बसतं: तीच का, याचं उत्तर मिळतं. पण जॅक्सन यांच्या एलिनॉरचं वाड्याशी कसलंही नातं नाही, आणि कुठेच कसलं नातं नसलेली बाई एका परक्या, दुष्ट वाड्याला 'माझं घर' म्हणू लागते, याहून भयंकर त्या पुस्तकात काही नाही. जॅक्सन यांच्या स्वतःच्या घराण्यात सॅन फ्रान्सिस्कोतले वास्तुरचनाकार होऊन गेले होते; जुन्या वाड्यांशी असलेलं पिढीजात नातं त्यांना घरातूनच ठाऊक होतं, तरी एलिनॉरला त्यांनी ते दिलं नाही. चित्रपटाने तिला वारसा दिला, कर्तव्य दिलं, वाचवायला मुलं दिली. म्हणजे ती खरंच तिथली होती आणि वाडा खरंच तिचा होता. तिचं घरी येणं योग्यच ठरलं! मग भीती कशाची?

वाड्यातली दुसरी पाहुणी थिओ हिच्या बाबतीत झालेलं नुकसान कमी दिसतं पण खोल आहे. कादंबरीतली थिओडोरा एलिनॉरला जवळ करते, तिची नखं रंगवते, तिच्याशी लाडात बोलते, आणि नंतर तितक्याच सहजपणे तिला दुखावते. या दोघींमधलं प्रेम, मत्सर आणि क्रौर्य यांमुळे एलिनॉर वाड्याच्या कुशीत ढकलली जाते. याचा परमोच्च बिंदू अंधारातल्या हाताचा प्रसंग. शेजारच्या खोलीतून लहान मुलाचं रडणं ऐकू येतंय, एलिनॉरने थिओडोराचा हात घट्ट धरलाय. दिवा लागतो तेव्हा थिओडोरा दूर, आपल्या पलंगावर असते. मग मी हात कुणाचा धरला होता? एक पैसा खर्च न करता घडणारा हा प्रसंग मानवी जवळिकीवरच उभा आहे. चित्रपटातली थिओ ओळखीतच आपल्या प्रेमसंबंधांबद्दल मोकळेपणाने बोलते, पण पटकथा त्याचं पुढे काहीच करत नाही. ती एलिनॉरला जखम करण्याइतकी जवळ येतच नाही.

नेपथ्याचा निर्णय दोन्ही बाजूंनी पाहावा लागतो. बाहेरचा वाडा म्हणून इंग्लंडमधल्या लिंकनशायरचं हार्लॅक्स्टन मॅनर वापरलं. आतली दालनं कॅलिफोर्नियात लाँग बीच इथे, हॉवर्ड ह्यूज यांचं 'स्प्रूस गूस' हे अवाढव्य विमान पूर्वी जिथे ठेवलं होतं त्या घुमटाखाली उभारली. ऑस्कर मिळवलेल्या युजेनिओ झानेट्टी यांनी केलेलं ते काम थक्क करणारं आहे. फिरते आरसे, पाण्याने भरलेली मार्गिका, पुराणातल्या नरकासारखी ब्राँझची दारं. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाबद्दल अनुकूल लिहिलं तेही मुख्यतः या नेपथ्यासाठी आणि ध्वनीसाठी. पण हा वाडा पहिल्या क्षणापासून ओरडून सांगतो की मी झपाटलेला आहे. कादंबरीतला वाडा किंचित वाकडा आहे, डोळ्याला सहज कळणार नाही इतका. किंचित वाकडेपणाने माणूस स्वतःवर संशय घेऊ लागतो, आणि तोच संशय या कथेला हवा होता. राक्षसी दालनात चार माणसं ठिपक्यांएवढी होतात. त्यांच्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही.

एवढा मोठा सेट उभा राहिला की तो वापरावा लागतो, आणि उत्तरार्ध तसाच चालतो. खोली एलिनॉरला पलंगावर जखडते, पुतळे हल्ला करतात, चुलाण्यातून झेपावलेलं सिंहाचं डोकं लूक या तिसऱ्या पाहुण्याचं मुंडकं उडवतं. शेवटी संगणकाने घडवलेला अवाढव्य क्रेन प्रकट होतो, एलिनॉर त्याच्यासमोर उभी राहून त्याला धिक्कारते, तो ब्राँझच्या दारात ओढला जातो, ती मरते आणि तिचा आत्मा मुलांसोबत वर जातो. 'मला कुणी अडवत का नाही' या प्रश्नावर संपणारी गोष्ट अशी स्वर्गारोहणावर येऊन थांबली.

निष्पत्ती

पैशाच्या हिशेबात चित्रपट पडला नाही. अमेरिकेत ९ कोटी डॉलरच्या वर आणि जगभरात १७ कोटींच्या वर त्याने कमावले. खर्च आणि जाहिरात वजा जाता हे फार मोठं यश नव्हे, पण आपटीही नव्हे. नाव राहिलं ते मात्र फसलेल्या रूपांतराचं उदाहरण म्हणून. यान द बाँट यांनी त्यानंतर दिग्दर्शित केलेला चित्रपट एकच, २००३चा.

त्याच उन्हाळ्याने या निर्णयांची एक निर्दय कसोटी घेतली. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' १४ जुलैला मोजक्या चित्रपटगृहांत लागला आणि महिनाअखेर देशभर पसरला. मेरिलँडच्या रानात तीन नटांनी स्वतःच कॅमेरे धरून केलेला हा चित्रपट. चित्रीकरणाचा खर्च काही हजार डॉलरांत मोजण्याइतका, चेटकीण एकदाही दिसत नाही, आणि जगभरातली कमाई २५ कोटी डॉलरच्या घरात. ६ ऑगस्टला 'द सिक्स्थ सेन्स' आला. शांत, संथ, आई-मुलाच्या दुःखावर उभी असलेली ती भूतकथा वर्षातल्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांत गेली. प्रेक्षकाला न दाखवलेलं भय चालत नाही, हा ड्रीमवर्क्सच्या निर्णयांमागचा अंदाज काही आठवड्यांतच खोटा ठरला. अर्थात पटकथा ठरत होती तेव्हा हे दोन्ही चित्रपट कुणी पाहिले नव्हते. त्या वेळच्या माहितीवर ते निर्णय वेडगळ नव्हते, सावध होते. एवढ्या खर्चाने सावधपणा सक्तीचा केला होता.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ पुस्तकाला शब्दशः धरून राहायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. माइक फ्लॅनगन यांच्या २०१८च्या दहा भागांच्या मालिकेने कादंबरीतलं जवळजवळ सगळं बदललं: क्रेन हे कुटुंब झालं, एलिनॉर त्यातली धाकटी मुलगी, वाडा बालपणीचं घर. इथेही एलिनॉर वाड्याची नातलगच आहे. पण लहानपणापासून तिला दिसणारी मान मोडलेली बाई ही पुढे मरणार असलेली ती स्वतःच, हे कळतं तेव्हा जॅक्सन यांच्या पुस्तकाचा आत्मा तिथे सापडतो: भीती बाहेरची की आपलीच, हे ठरवता न येणं. (मालिकेचा शेवट मला फार गोड वाटला, तो वेगळा मुद्दा.) काय बदललं यापेक्षा कोणता प्रश्न राखला, याने रूपांतर ठरतं.

त्या दृष्टीने १९९९च्या पटकथेत सर्वांत आधी जपायला हवा होता तो डॉक्टरचा प्रयोग. सहायक शेवटपर्यंत वाड्यात ठेवले असते, डॉक्टरजवळ एखादी बंद खोली, ध्वनियंत्रणा, एलिनॉरच्या आईबद्दलची माहिती असलेली कागदपत्रं ठेवली असती, तर प्रत्येक ठोठावण्याचे चार अर्थ झाले असते. आईच्या काठीचा आवाज एलिनॉरला ऐकू येतो, आणि डॉक्टरच्या कागदपत्रांत त्या काठीचा उल्लेख आहे, एवढं एक दृश्य पुरेसं होतं. त्याला संगणक लागत नाही. डॉक्टरच्या भूमिकेत नीसनसारखा विश्वासार्ह चेहऱ्याचा नट होता, म्हणून तर त्याच्यावरचा संशय जास्त बोचला असता.

क्रेनचा इतिहास ठेवायचाच, तर तो डॉक्टरने रचलेली गोष्ट म्हणून ठेवता आला असता. पहिल्या रात्री पाहुण्यांना घाबरवण्यासाठी डॉक्टर थापा मारतो, हे चित्रपटातही आहे. एलिनॉरला नंतर त्याच थापेतली मुलं दिसू लागली असती, आणि डॉक्टरला आपण ते सगळं मनाने रचलं होतं हे ठाऊक असताना तिला वहीत त्यांची नावं सापडली असती, तर ती नावं वहीत कुणाच्या हस्ताक्षरात आहेत हे पाहण्याचं धाडस कुणाला झालं असतं?

खर्चाबद्दलही एक पर्याय होता. तेच नेपथ्य, तोच वाडा, पण प्रकाश कमी आणि कॅमेरा माणसांजवळ. झानेट्टींची दालनं अर्धी अंधारात राहिली असती तर दुप्पट भयंकर वाटली असती. संगणकीय दृश्यांवरचा पैसा वाचला असता तर कमाईचं दडपणही तेवढंच कमी झालं असतं, आणि उन्हाळ्याऐवजी शरद ऋतूत, हॅलोवीनच्या आसपास चित्रपट लावता आला असता.

शेवट मी गाडीवर आणला असता. चित्रपटात सकाळी दाराशी आलेला राखणदार डडली डॉक्टरला विचारतो, की जे शोधायला आलात ते मिळालं का. डॉक्टर उत्तर न देता निघून जातो. हा प्रश्न पटकथेतला सर्वांत चांगला प्रश्न आहे आणि तो वाया गेला आहे, कारण तोवर डॉक्टरला, थिओला आणि आपल्याला सगळंच कळलेलं आहे. प्रयोग आपणच मांडला, बाई आपणच बोलावली आणि तिला परत जायला जागा नसताना आपणच तिला परत पाठवलं, हे माहीत असलेल्या डॉक्टरला झाडाखाली उभं करून डडलीने तोच प्रश्न विचारला असता, तर त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येक प्रेक्षकाने वेगळा लावला असता.